जुन्या मॉनिटरवर चित्र धूसर, अक्षरांना लाल-निळी कड: दोष नेमका कुठे आहे?

पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरबद्दलची तक्रार बहुतेक वेळा दोन शब्दांत येते: ‘ब्लर दिसतंय’. या दोन शब्दांमागे किमान पाच वेगवेगळे बिघाड असू शकतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. फोकस उतरला असेल तर ट्यूबच्या मानेवरच्या, रंग जुळवायच्या कन्व्हर्जन्सच्या रिंगा कितीही फिरवा, उपयोग शून्य. वर जे जुळलेलं होतं तेही विस्कटतं. दुरुस्तीला येणाऱ्या मॉनिटरांत ‘आधी कोणीतरी सगळे स्क्रू फिरवून पाहिलेले’ ही जात सर्वात त्रासदायक. म्हणून मागचं झाकण काढण्याआधी पडदा नीट वाचा. स्क्रू सगळ्यात शेवटी.

आधी पडदा वाचा

मॉनिटर चालू करून अर्धा तास तापू द्या. थंड ट्यूबवर केलेलं निदान बहुधा चुकतं. (चालू केल्याकेल्या धूसर आणि नंतर आपोआप स्पष्ट, असं होत असेल तर तेवढी नोंद करून ठेवा; त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे.)

पेंटमध्ये तीन चित्रं बनवा, तीही पडद्याच्या रिझोल्यूशनइतक्याच मापाची. पहिलं, काळ्यावर एक पिक्सेल जाडीच्या पांढऱ्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी, साधारण ५०-५० पिक्सेलवर. दुसरं, पूर्ण लाल. तिसरं, पांढऱ्यावर काळी बारीक अक्षरं. चित्र शंभर टक्के आकारात, पूर्ण पडद्यावर उघडा आणि भिंग घेऊन बसा. छापखान्यात जाळीचे ठिपके बघायला वापरतात तसलं छोटं भिंग उत्तम.

जाळीची रेघ पांढरीच आहे, पण जाड आणि पसरट: फोकसचा दोष. रेघेच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी कड सुटली आहे: कन्व्हर्जन्स, म्हणजे तीन रंगांचे इलेक्ट्रॉन झोत एका जागी पडत नाहीत. रेघा ठीक आहेत, पण लाल पडद्यावर कोपऱ्यात जांभळट किंवा केशरी डाग आहे: प्युरिटी, म्हणजे चुंबकत्व. रेघेच्या उजवीकडे तिची फिकट सावली दिसते: केबल. आणि रेघा अगदी स्वच्छ, फक्त अक्षरांनाच रंगीत कड: मॉनिटर निर्दोष आहे, ते काम विंडोजच्या क्लिअरटाइपचं.

या शेवटच्या प्रकारात फार लोक फसतात. क्लिअरटाइप हे तंत्र एलसीडी पॅनेलसाठी बनलेलं आहे. तिथे प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी पट्टी ठरलेल्या क्रमाने शेजारी-शेजारी असते आणि अक्षराची कड त्या पट्ट्यांच्या हिशोबाने रंगवली जाते. पिक्चर ट्यूबमध्ये पिक्सेल आणि ठिपके यांची अशी सांगड नसतेच, त्यामुळे ती रंगीत कड उघडी पडते. खात्री करायची तर स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवा आणि मोठा करून बघा. कड स्क्रीनशॉटमध्येही आली तर दोष मॉनिटरचा नाही. विंडोजमध्ये ‘सीटीट्यून’ (cttune) लिहून शोधलं की सेटिंग उघडतं. ट्यूबवर काम करताना ते बंद ठेवा.

ट्यूबला झेपेल तेवढंच मागा

दुसरा बिनबिघाडाचा दोष म्हणजे रिझोल्यूशन. १५ इंची मॉनिटरची दिसणारी कर्णरेषा साधारण १३.८ इंच, म्हणजे रुंदी सुमारे २८० मिलिमीटर. डॉट पिच, म्हणजे एकाच रंगाच्या शेजारच्या ठिपक्यांतलं अंतर, ०.२८ मिलिमीटर धरला तर आडव्या ओळीत ढोबळ हिशोबाने हजार ठिपक्यांचे संच बसतात. अशा ट्यूबवर १०२४ × ७६८ ही शेवटची पायरी आणि ८०० × ६०० आरामाची. १७ इंचीला दिसणारी जागा १६ इंच, रुंदी सुमारे ३२५ मिलिमीटर, संच साडेअकराशेच्या आसपास. तिथे १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झचा रिफ्रेश (पडदा सेकंदाला ८५ वेळा नव्याने रंगणं) सर्वात चांगला जुळतो. त्याच ट्यूबवर १२८० × १०२४ लावून ‘अक्षरं फुटतात’ म्हणणं म्हणजे दोन शेराच्या भांड्यात अडीच शेर ओतणं.

मेनूत मॉयरे नावाचं सेटिंग असेल तर ते शून्यावर आणा. जाळीदार नक्षी घालवण्यासाठी ते झोत मुद्दाम किंचित हलवतं, त्यामुळे चित्र मऊ पडतं.

ट्रिनिट्रॉन किंवा डायमंडट्रॉन जातीच्या ट्यूबवर एक किंवा दोन केसाएवढ्या आडव्या काळसर रेघा दिसतात. त्या ट्यूबच्या आतल्या उभ्या तारांची जाळी थरथरू नये म्हणून ताणलेल्या तारेच्या सावल्या आहेत. जन्मापासून आहेत, जायच्या नाहीत.

केबल

व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी पहिली लाल, दुसरी हिरवी, तिसरी निळी. लाल गेली तर सगळं हिरवट-निळं दिसतं, हिरवी गेली तर जांभळट, निळी गेली तर पिवळं. असं काही झालं की प्लग काढून पिन वाकली आहे का ते बघा. बहुतेक वेळा तेवढंच निघतं. मात्र मूळ केबलमध्ये काही पिना मुळातच नसतात, मोजून घाबरू नका.

सावलीचं कारण वेगळं. ही लाइन ७५ ओहमची आहे. मध्ये स्वस्त एक्स्टेन्शन, जोडणीचा जॉइंटर किंवा स्प्लिटर आला की सिग्नलचा काही भाग उलटा परततो आणि पुन्हा येऊन उजवीकडे फिकट उमटतो. दीड-पावणेदोन मीटरची, दोन्ही टोकांना फेराइटची गाठ असलेली जाड केबल घ्या आणि मधलं सगळं काढून टाका. बिलिंग काउंटरवर पाच मीटरची केबल भिंतीतून फिरवलेली असते, तिथे आधी केबलवरच संशय घ्या.

चित्र थरथरतं, की खरंच धूसर आहे?

मुंबईतल्या घरांत हा प्रश्न आधी विचारावा. वन रूम किचनमध्ये कॉम्प्युटरच्या टेबलाला खेटून फ्रिज, त्याचा स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, एका बाजूला लोखंडी कपाट, आणि कधी भिंतीपलीकडेच मीटरची खोली. या सगळ्यांतून ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निघतं आणि ट्यूबमधला झोत त्याच्याबरोबर हलतो. रिफ्रेश ६० हर्ट्झवर असेल तर फरक दहाचा, म्हणून चित्र सेकंदाला दहा वेळा डुलताना डोळ्याला दिसतं. ८५ हर्ट्झवर हाच फरक पस्तीस होतो. इतकं जलद डुलणं डोळ्याला दिसत नाही, रेघ फक्त पसरट वाटते. मग लोक फोकस फिरवायला घेतात!

तपासणी सोपी आहे. रिफ्रेश मुद्दाम ६० वर आणा. रेघांच्या कडा डुलायला लागल्या तर कारण बाहेरचं आहे. स्टॅबिलायझर, स्पीकर, जाड ॲडॉप्टर मीटरभर दूर करा. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने उतरतं, एवढं पुष्कळ असतं. कारण भिंतीतल्या वायरिंगचं असेल तर मॉनिटरच दुसऱ्या भिंतीला न्या. रुळालगतच्या इमारतींत गाडी निघताना चित्र हलतं आणि ती गेली की थांबतं. लोकलच्या लाइनी १५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर गेल्या. शेवटी राहिलेली हार्बर २०१६ मध्ये बदलली. एसी म्हणजे इथेही ५० हर्ट्झच. खिडकीकडची भिंत सोडून आतल्या भिंतीला टेबल लावणं, एवढाच त्यावर उपाय.

रंगाचे डाग: डिगॉस

मॉनिटर चालू करताना ‘थन्न’ असा आवाज येऊन चित्र क्षणभर थरथरतं, ते डिगॉसिंग. ट्यूबच्या आतली लोखंडी जाळी चुंबकित झाली की झोत भलत्याच रंगाच्या ठिपक्यावर पडतो. तो आवाज येतो तेव्हा ट्यूबभोवतीची कॉइल त्या जाळीचं चुंबकत्व काढून टाकते. आवाज येत नसेल आणि कोपऱ्यात डाग असेल तर डिगॉसचा थर्मिस्टर (तापला की करंट रोखणारा भाग) गेलेला असतो किंवा त्याचा सोल्डर सुटलेला असतो. भाग स्वस्त आहे, जुना काढून तसाच लावायचा.

बटण सारखं-सारखं दाबून काही होत नाही. थर्मिस्टर एकदा तापला की पुढची पंधरा-वीस मिनिटं तो कॉइलला पुरेसा करंट जाऊच देत नाही. मॉनिटरची दिशा बदलली, तो चोर बाजारातून टेम्पोत आणला, शेजारी उघड्या चुंबकाचे स्पीकर ठेवले, की एकदा डिगॉस करावं लागतं. डाग फारच हट्टी असेल तर बाहेरची कॉइल: पडद्यासमोर गोल फिरवत हळूहळू दोन मीटर मागे या आणि मगच बंद करा. पडद्याजवळ असताना बंद केली तर होती त्यापेक्षा घट्ट चुंबकीय छाप बसते.

सकाळी धूसर, तासाभराने स्पष्ट: बेसची गळती

किनाऱ्यालगतच्या शहरांचा हा खास आजार. जून ते सप्टेंबर त्याचा हंगाम. सकाळी मॉनिटर लावला की अक्षरं कापसासारखी, पंधरा-वीस मिनिटांत हळूहळू आवळत जातात आणि दुपारी चित्र एकदम छान. ‘तापल्यावर नीट होतो, म्हणजे ट्यूब म्हातारी झाली’ असं सांगून मॉनिटर भंगारात काढायला लावणारे आहेत. ट्यूब बहुतेक वेळा धडधाकट असते. दोषी असतो तिच्या मानेवर बसलेला बेस, म्हणजे सॉकेट.

या सॉकेटमध्ये फोकसच्या पिनेला वेगळी बंदिस्त कोठडी असते, कारण तिथे पाच ते आठ हजार व्होल्ट येतात. जास्तीचा दाब उडून जावा म्हणून आत एक बारीक स्पार्क गॅप असते. खारट दमट हवा त्या कोठडीत शिरली की तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर चढतो आणि प्लास्टिकवरून करंट झिरपायला लागतो. फोकसचं व्होल्टेज ईएचटीमधून, म्हणजे हजारो व्होल्ट बनवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमधून, कित्येक मेगाओहमच्या रोधातून येतं, त्यामुळे काही मायक्रोअँपिअरची गळतीसुद्धा ते शेकड्यांनी खाली ओढते. सेट तापला की ओल सुकते, गळती थांबते, फोकस जागेवर येतो.

अशा वेळी सकाळी फोकसचा प्रिसेट, म्हणजे जुळवायचा स्क्रू, फिरवला की सकाळचं चित्र सुधारतं आणि दुपारचं बिघडतं. दुपारी परत फिरवला की दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. असा मॉनिटर हाती आला तर प्रिसेटला हात न लावता आधी बेस बदला.

उघडण्यापूर्वी: १७ इंची रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर (रबरी टोपीखालच्या जोडणीवर) २४ ते २७ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूब कपॅसिटरसारखी भार धरून ठेवते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट वेगळे. या कामाची सवय नसेल तर इथेच थांबून कारागिराकडे द्या, यात कमीपणा नाही. सवय असेल तर प्लग काढा, चांगल्या मुठीच्या लांब स्क्रू ड्रायव्हरचं पातं वायरने ट्यूबच्या मागच्या काळ्या लेपावरून गेलेल्या उघड्या तारेच्या वेणीला जोडा, आणि टोक ॲनोडच्या रबरी टोपीखाली सरकवा. दुसरा हात खिशात. पाच मिनिटांनी हेच परत करा, कारण काचेतून थोडा भार पुन्हा वर येतो. कपॅसिटर रोधातून वेगळा उतरवा.

बेस बोर्ड मानेवरून सरळ मागे ओढायचा. तिरका ओढला की मानेची काच तडकते आणि सगळाच विषय संपतो. फोकसच्या कोठडीचं झाकण उघडून बघा: हिरवी पूड, काळपट चरे किंवा ठिणगीची खूण दिसली की निदान पक्कं. नुसतीच खात्री करायची असेल तर ही बाजू हेअर ड्रायरने कोमट हवेने पाच-सात मिनिटं सुकवा, बोर्ड बसवून लगेच चालू करा. थंड सेट पहिल्या मिनिटापासून स्पष्ट दिसला तर गुन्हेगार सापडला. स्पिरिटने पुसून काम भागतं, पण पुढच्या पावसापर्यंतच.

नवा बेस आणायला लॅमिंग्टन रोडला जाताना जुना उपसून सोबत न्या. मानेची जाडी, पिनांची संख्या आणि फोकसच्या पिनेची जागा या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. नुसतं ‘१७ इंचीचा बेस द्या’ म्हणून मागितला तर टीव्हीचा गळ्यात पडेल. सोल्डर काढताना वेणीची वात वापरा, पट्ट्या उचलू देऊ नका. ट्यूबच्या वेणीकडून येणारी अर्थची वायर बेस बोर्डावर परत बसवायला विसरू नका; ती सुटी राहिली तर पहिल्याच ठिणगीत व्हिडिओचा आयसी जातो.

चरचर आवाज, ओझोनचा उग्र वास आणि रबरी टोपीभोवती निळसर ठिणग्या असतील तर दोष बेसचा नाही, ॲनोडच्या टोपीचा. टोपी आणि भोवतालची काच स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या, रबर चिरलं असेल तर बदला.

फोकसचा प्रिसेट

बेस चांगला असूनही सगळीकडे, सगळ्या वेळी धूसर असेल तरच ईएचटीवरचे प्रिसेट. सहसा दोन असतात: वरचा फोकस, खालचा स्क्रीन. चुकून स्क्रीन फिरवला की पडदा उजळतो आणि मागे परत जाणाऱ्या झोताच्या तिरक्या रेघा दिसतात. त्यामुळे आधी दोघांच्या मूळ जागेची पेनने खूण करा. प्लास्टिकचा ड्रायव्हर, नेहमीचा ब्राइटनेस, आणि नजर मधोमध नाही तर मध्य आणि कोपरा यांच्या बरोबर अर्ध्यावर. मध्यावर धारदार केलात की कोपरे हमखास पसरतात. मोठ्या मॉनिटरांत आडव्या आणि उभ्या रेघांसाठी दोन वेगळे फोकस असतात. एकावर फक्त उभ्या रेघा बघा, दुसऱ्यावर फक्त आडव्या.

प्रिसेट टोकापर्यंत जाऊनही नीट बसत नसेल तर ईएचटीच्या आतला रोध बदलला आहे, म्हणजे ईएचटीच बदलायची. ब्राइटनेस वाढवला की चित्र फुगून पसरतं, हीसुद्धा बहुधा तिकडचीच खूण. पण धूसरपणा एकाच रंगात आणि फक्त उजवीकडे ओघळ येत असेल तर बेस बोर्डावर त्या रंगाचा व्हिडिओ भाग आणि तिथला वाळलेला कपॅसिटर तपासा. पांढऱ्या भागात एका रंगाची चंदेरी साय पसरते, ती त्या रंगाचा झोत सोडणारी थकलेली गन. त्यावर खर्च करणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

रंग जुळत नाहीत: कन्व्हर्जन्स

मध्यभागी ०.३ आणि कोपऱ्यात ०.४ मिलिमीटरपर्यंतचा फरक नव्या मॉनिटरमध्येही चालवून घेत. भिंगाशिवाय दिसत नसेल तर सोडून द्या.

मेनूत आडवा-उभा कन्व्हर्जन्स असेल तर तिथेच प्रयत्न करा, बरेचदा काम तिथेच होतं. नसेल तर बघा: फरक सगळीकडे सारखा आहे की फक्त कडेला? मध्यभाग जुळलेला आणि कडा सुटलेल्या असतील तर योकखालचे (योक म्हणजे मानेजवळची झोत वळवणारी कॉइल) रबरी गट्टू सुकून सरकले आहेत. योक किंचित वर-खाली, डावी-उजवीकडे कलवत कडा जुळवा, गट्टू खोचा आणि चिकटपट्टीने किंवा गोंदाने पक्के करा. गोंद वाळेपर्यंत सेट हलवू नका.

फरक सगळीकडे सारखा असेल तर मानेवरच्या रिंगा. तीन जोड्या असतात: दोन ध्रुवांची प्युरिटीची, चार ध्रुवांची आणि सहा ध्रुवांची. आधी सगळ्यांचा फोटो काढा आणि रंगाच्या रेघेने जागा आखून ठेवा. मग लाल-निळ्या मिश्रणाची, म्हणजे जांभळ्या रेघांची जाळी लावा. चार ध्रुवांची जोडी लाल आणि निळ्याला विरुद्ध दिशांना नेते. जोडीतल्या दोन रिंगांच्या कानांतलं (बाहेर आलेल्या टोकांतलं) अंतर कमी-जास्त केलं की किती सरकायचं ते ठरतं, जोडी एकत्र फिरवली की दिशा ठरते. लाल-निळं एक झालं की पांढरी जाळी लावा आणि सहा ध्रुवांच्या जोडीने ती जांभळी रेघ हिरव्यावर न्या. हिरवी रेघ मधल्या गनची, ती या दोन्ही जोड्यांना जुमानत नाही. हिरवी हलली तर तुम्ही प्युरिटीच्या जोडीला हात लावला आहे. ती आखलेल्या जागेवर परत न्या.

शेवटी पूर्ण लाल पडदा बघा, डाग नसेल तर रिंगांना रंगाचा ठिपका लावून बंद करा. हे काम चालू सेटवर होतं, मानेजवळ हजारो व्होल्ट असतात; रबरी हातमोजे, प्लास्टिकची अवजारं आणि समोर आरसा, म्हणजे वाकून पडदा बघावा लागत नाही.

जुना एलसीडी असेल तर

तिथे झोतच नाहीत, त्यामुळे कन्व्हर्जन्स नावाचा दोष असूच शकत नाही. धूसर दिसतंय तर पहिला संशय रिझोल्यूशनवर: १५ इंचीला सहसा १०२४ × ७६८, चौकोनी १७ आणि १९ इंचीला १२८० × १०२४, १८.५ इंचीला १३६६ × ७६८, आणि रिफ्रेश ६०. जुनी ग्राफिक कार्डं १३६६ ऐवजी १३६० देतात, कारण त्यांना आठाने भाग जाणारा आकडा लागतो. त्या सहा पिक्सेलसाठी पूर्ण ओळ ताणली जाते आणि अक्षरं मधूनमधून जाड होतात. ड्रायव्हर बदलून पाहा.

व्हीजीएवर असेल तर एक-एक पिक्सेलच्या काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघांनी पडदा भरा आणि मगच ऑटोचं बटण दाबा. रिकाम्या डेस्कटॉपवर दाबलं तर मॉनिटरला मोजायला काही मिळत नाही. तरी रुंद उभे पट्टे राहिले तर मेनूतला क्लॉक, सगळा पडदा गजबजल्यासारखा थरथरला तर फेज हाताने फिरवा. नव्या कॉम्प्युटरला व्हीजीए नसल्याने मध्ये एचडीएमआय कन्व्हर्टर आलेला असतो. त्याला वेगळी यूएसबी पॉवर घेण्याची सोय असेल तर ती द्या, अर्धे लुकलुकणारे पडदे तेवढ्याने शांत होतात. मॉनिटर म्हणून टीव्ही लावला असेल आणि निळ्यावरची लाल अक्षरं चिघळलेली दिसत असतील तर टीव्हीच्या मेनूत त्या इनपुटला ‘पीसी’ नाव द्या आणि ओव्हरस्कॅन (चित्र ताणून कडा कापणं) बंद करा. रंगाची माहिती अर्धी करून पाठवणं बऱ्याच टीव्हींत तेव्हाच थांबतं.

ट्यूब खरोखर संपली असेल तर ती फोडून तांबं काढणाऱ्याला देऊ नका. मागच्या भागाच्या काचेत शिसं असतं, आत निर्वात पोकळी असते आणि ट्यूब फुटली की काच जोरात आत कोसळू शकते. अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे अख्खा मॉनिटर द्या. योक, ईएचटी आणि चालू बेस मात्र आधी काढून ठेवा, पुढच्या सेटला लागतील.